मदत हवी आहे: विहिरींपेक्षा ओढ्यात नायट्रेट एवढं जास्त का?

ओढाकाठ: छोट्या पाणलोटाचा पाणी-गुणवत्तेचा अहवाल परवा द्यायचाय. विहिरींत नायट्रेट लिटरला 11 ते 14 मिलिग्रॅम, ओढ्यात 48. ओढ्याला पाणी तर विहिरींच्या बाजूनेच झिरपून येतं. 'ओढा दूषित, विहिरी ठीक' असं लिहून टाकू का? लवकर सांगा.

झिरपा: नमुने कधी घेतले? पावसानंतर लगेच घेतले असतील तर शेतातून वाहून आलेलं खत मोजलंत तुम्ही. तुलना करायची तर ओढा नुसत्या झिरप्यावर वाहत असताना.

बादलीदोर: विहिरी की बोअर? बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी उपसलं का? मी तर ईसी (पाण्याची वीजवाहकता) स्थिर झाल्याशिवाय बाटली भरतच नाही.

निवळी: टीडीएस मीटर घ्या, दोन मिनिटांत निकाल. इतका खटाटोप कशाला?

झिरपा: त्या मीटरला नायट्रेट कळत नाही हो. तो फक्त पाण्याची वीजवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो.

ओढाकाठ: उघड्या विहिरी, नऊ. पाऊस थांबून महिना झाला होता. ओढ्याच्या बाटल्या दुसऱ्या लॅबला दिल्या, पहिलीकडे गर्दी होती.

बादलीदोर: दुसरी लॅब, हे आत्ता सांगताय! आकड्यापुढे काय छापलंय? नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन?

तुरटी: तोवर लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. आमच्याकडे कायम तेच करतात.

झिरपा: उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. कृपया हा सल्ला देऊ नका.

ओढाकाठ: विहिरींच्या कागदावर खाली बारीक अक्षरात 'एन म्हणून' आहे. ओढ्याच्या कागदावर 'नायट्रेट म्हणून'.

बादलीदोर: मग विहिरींच्या कागदात फक्त नायट्रोजनचं वजन धरलंय, अख्ख्या नायट्रेटचं नाही. ते आकडे 4.43 ने गुणा. 11 चे 49, 14 चे 62. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून लिटरला 50 मिलिग्रॅम. ओढ्यात थोडं कमी दिसणं साहजिकच, काठच्या ओल्या मातीतले जिवाणू काही नायट्रेट खातात.

झिरपा: 62 वाल्या विहिरीत क्लोराइडही जास्त आहे का? असेल तर नुसत्या खतावर थांबू नका, सांडपाणी शोधा. निर्जंतुक बाटलीत ई. कोलायचा (विष्ठेतल्या जिवाणूचा) नमुनाही घ्या.

ओढाकाठ: क्लोराइड तिथेच सगळ्यात जास्त. पंधरा पावलांवर शोषखड्डा आहे. ओढ्यातलं शेवाळ बघून मी सगळं लक्ष तिकडेच दिलं. त्या विहिरीच्या पाण्यात एका घरी तान्ह्या बाळाची दूध पावडर कालवतात, आणि जास्त नायट्रेट बाळांनाच सगळ्यात धोक्याचं. अहवाल राहू दे, आधी त्यांना सांगून येतो.