गिटार ॲम्पसमोर माइक नेमका कुठे लावायचा?

इंदूरचा_गिटारवाला:
नमस्कार मंडळी, आमच्या गणेशोत्सवात यंदा ऑर्केस्ट्रा आहे, मी गिटारवर. ॲम्प नुसता ऐकला तर मस्त वाजतो पण माइक लावून मिक्सरवर घेतला की सगळा आवाज गढूळ. साउंडवाले दादा म्हणतात गेन कमी कर, मग म्हणतात लो काप, मला काहीच कळत नाहीये. सोप्या भाषेत सांगाल का कुणी?

तारसप्तक:
आधी माइकची जागा बघा. टॉर्च मारून जाळीतून पाहिलंत तर स्पीकरच्या मधोमध गोल टोपी दिसेल, तिच्या बरोब्बर समोर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवाल तसा मऊ होत जातो. आणि एसएम ५७ सारखा कार्डिऑइड (म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) माइक जाळीला चिकटवला की बास आपोआप फुगतो, यालाच प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, तुमचा गढूळपणा बहुतेक तिथलाच. चार बोटं मागे घ्या.

जुना_साउंडवाला:
बरोबर. गेन म्हणजे माइकचा बारीकसा सिग्नल मिक्सर किती वाढवून आत घेतो ते, फेडर म्हणजे पुढे किती सोडायचा ते. सगळ्यात जोरात वाजवा, लाल दिवा लागला की गेन मागे. लो कापणं म्हणजे हाय-पास फिल्टर, गिटारची जाड तार साधारण ८२ हर्ट्झची, त्याखाली नुसती स्टेजची धमधम, ती बिनधास्त काढा. तरी गढूळ वाटलं तर इक्यूवर (आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करायच्या बटणांवर) २०० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा.

इंदूरचा_गिटारवाला:
माइक मागे घेतला, कडेला सरकवला, अर्धा गढूळपणा तिथेच गेला! मनापासून आभार, फिल्टर उद्या दादांसोबत बसून लावतो.