हवामानाचे आकडे आपोआप आणताना

स्वयंसेवकांनी चालवलेल्या बातम्यांच्या संकेतस्थळावर रोज सकाळी कुणीतरी तापमान हाताने भरायचं, हे बंद करता येईल का, असा प्रश्न आहे. जरूर बंद करा. स्वयंसेवकांचा वेळ बातम्यांसाठी राहू दे. ओपन-मिटिओ ही हवामानाचे आकडे देणारी सेवा अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, तिच्या एपीआयसाठी (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून आकडे मागण्याची सोय) की, म्हणजे वापरासाठीचा संकेतांकसुद्धा लागत नाही, फक्त श्रेय द्यायचं. नॉर्वेच्या हवामान संस्थेची सेवाही मोफत आहे, पण तिथे यूजर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत, आपली ओळख द्यावी लागते, नाहीतर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा नकार, हाती येतो.

प्रत्येक वाचकामागे एपीआयला विचारत बसू नका. क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून तासातून एकदा आकडे आणा, फाइलमध्ये ठेवा, पानावर तेच दाखवा. मला खरी काळजी वाटते ती वेगळीच: विनंती फसते, कालचा आकडा तसाच राहतो आणि वाचक तो आजचा समजून घराबाहेर पडतो. म्हणून आकड्याखाली वेळ छापाच, आणि आकडा तीन तासांहून जुना झाला की पानावरची हवामानाची चौकट लपवा. ही वेळ बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत येते. आम्ही ती बदलायला विसरलो होतो, तेव्हा दुपारचं ऊन सकाळच्या रकान्यात दिसत होतं.

वादळाचे, पुराचे इशारे मात्र आपोआप छापू नका. ते माणसाने वाचून, अधिकृत शब्द न बदलता टाकावेत.