सासूबाईंच्या मधुमेहासाठी प्रोबायोटिक सुचवा (महिना ६०० रुपयांपर्यंत)

मासुंदा_काठ (ठाणे): नमस्कार मंडळी. सासूबाईंना बरीच वर्षे टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन सुरू असून नुकताच एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९ आला. जेवणानंतर पोट फुगते आणि आणखी एक गोळी म्हटले की त्या वैतागतात. डॉक्टरांनी प्रोबायोटिकला (पोटाला उपकारक जिवंत जिवाणूंना) हरकत घेतली नाही, पण नावही सुचवले नाही. त्याने साखर खरोखर उतरते का, आणि ६०० रुपयांत काय घ्यावे?

पामबीच_प्रभात (नेरुळ): मी परदेशातून अक्करमॅन्सियाच्या कॅप्सूल मागवतो. महिन्याला काही हजार जातात, परंतु प्रकृतीपुढे पैशांचा विचार करू नये. या जिवाणूमुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, असे बेल्जियममधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले आहे. माझी उपाशीपोटीची साखर तेव्हापासून १२० च्या आत आहे.

खाडीपूल (वाशी): त्या अभ्यासात जेमतेम ३२ जणांनी तीन महिने पूर्ण केले आणि ते स्थूल असले तरी मधुमेही नव्हते, हेही सांगायला हवे. शिवाय कॅप्सूल सुरू केल्या तेव्हाच आपण रोज तासभर चालू लागलात, असे आपणच दुसऱ्या धाग्यावर लिहिले होते. मग श्रेय नेमके कशाला द्यायचे? निरनिराळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर प्रोबायोटिकने साखर सरासरीने थोडीशीच उतरते. आणि सासूबाई घेत असलेल्या मेटफॉर्मिननेच आतड्यातील अक्करमॅन्सिया वाढतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

चरईकर (ठाणे): घरचे ताक, कढी आणि लोणचे असताना बाजारातले काही घेण्याची गरजच नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे.

खाडीपूल: ताक जरूर प्यावे; पण कढी उकळली की त्यातील जिवाणू मरतात, आणि तेल-मिठातले आपले कैरीचे लोणचे म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. रक्तदाब असेल, तर लोणच्यातील मीठ उलट बाधेल.

चरईकर: लोणचे मुरते ते जिवाणूंमुळेच, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शिवाय मी चमचाभरच म्हणतो आहे, बरणीभर नव्हे.

ऐरोली_३ (ऐरोली): कॅप्सूल घ्यायच्याच असतील, तर ऑनलाइन मागवू नका. मी मे महिन्यात मागवलेले पाकीट सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये पत्र्याखाली दिवसभर पडून होते आणि डबीवर मात्र २ ते ८ अंशांत ठेवण्याची सूचना होती. कंपनीने ना पैसे परत दिले, ना धड उत्तर. दुकानदार फ्रीजमधून काढून देत असेल, तरच घ्या.

येऊर_पायथा (ठाणे): ताकाबद्दल वर आलेच आहे, मीही तेच म्हणेन. परंतु बाहेरून आलेले जिवाणू बहुतेकदा आतड्यात मुक्काम करत नाहीत. घेणे थांबवले की काही दिवसांत जातात. आत आधीपासून असलेल्यांना खाऊ घालणे अधिक शहाणपणाचे आहे. मेथी, गवार, सालीसकट मूग आणि हरभरे यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि आतड्याच्या पेशींकडून जीएलपी-१ हे साखर आटोक्यात ठेवणारे संप्रेरक स्रवायला मदत होते. चीनमधील एका मोठ्या अभ्यासात २०१२ मध्ये मधुमेहींच्या आतड्यात नेमके ब्युटिरेट बनवणारेच जिवाणू कमी आढळले होते. मात्र पोट आधीच फुगते आहे, तेव्हा कडधान्ये एकदम वाढवू नका. हा त्रास मेटफॉर्मिनचाही असू शकतो. सावकाश विरघळणारी गोळी चालेल का, आणि मेटफॉर्मिनने कमी होऊ शकणारे बी१२ जीवनसत्त्व तपासावे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. आंबवलेल्या दुधाच्या त्या छोट्या बाटल्या तेवढ्या टाळा, कारण त्यांत साखर असते.

पामबीच_प्रभात: बाटल्यांच्या बाबतीत मी सहमत आहे. पण माझ्या कॅप्सूलचा विचार पुन्हा करावा.

मासुंदा_काठ: सर्वांचे मनापासून आभार. गोळी बदलण्याचे आणि बी१२चे या शनिवारीच विचारते. सासूबाईंना ताकाने कफ होतो, कॅप्सूलला त्यांनी साफ नकार दिला आहे, आणि मेथीची भाजी घरात आठवड्यातून दोनदा होतेच. त्यामुळे आपण सर्वांनी नको म्हटले तरी मी कमी साखरेची छोटी बाटलीच आणणार आहे, कारण ती त्या आवडीने पितील. लेबलावर साखरेचे जितके ग्रॅम असतील, तितके दुपारच्या जेवणातून कमी करू आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासू. कमी साखरेचा प्रकार पाचपाखाडीत कोणत्या दुकानात नियमित मिळतो, हे कोणी सांगू शकेल का?

चरईकर: ताकात थोडी सुंठ घातली, तर कफ होत नाही.