इंदूरच्या रस्त्यांवरून गेलेल्या गाड्या : तुमचे अनुभव लिहा

आयबस म्हणजे रस्त्याच्या मधल्या राखीव लेनमधून धावणारी आपली बस. तिच्या लेनचे कठडे काढायला लागले त्या दिवसांत मी आईला रिक्षानं गीता भवनाहून घरी आणत होते. एका जागी कठडा कापून ठेवला होता. आई बराच वेळ मान वळवून तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता मी विजयनगरला कशी जाणार गं?"

१० मे २०१३ ला आयबस सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, एबी रोडच्या मधोमध साधारण साडेअकरा किलोमीटर. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि कॉरिडॉर काढायचं काम सुरू झालं. भोपाळचा त्याच्या आदल्याच वर्षी काढायला घेतला होता. बारा वर्षं म्हणजे काही फार जुनी गोष्ट नव्हे, पण आईच्या प्रश्नानं मला अचानक आपल्या गावातल्या सगळ्याच गेलेल्या गाड्या आठवल्या. टेम्पो, नगर सेवा, महामंडळाची बस. आणि सुट्टीत मामाकडे गेल्यावर मिळायची ती मुंबईची डबल डेकर, जी आपण आपलीच समजायचो.

म्हणून हा धागा. तुमची गाडी कुठली, कुठून कुठे जायची, आतून कशी होती, शेजारी कोण बसायचं, ते लिहा. नुसतं "गेले ते दिवस" लिहून थांबू नका. आणि ती गाडी आवडत नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करते.

आई ७८ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. साध्या बसची पहिली पायरी तिच्या गुडघ्याइतकी उंच. आयबसला पायरीच नव्हती. स्टेशनचा फलाट आणि बसची जमीन एका पातळीत. स्टेशनं रस्त्याच्या मध्ये, म्हणून बसचे दरवाजे उजव्या हाताला. ड्रायव्हरनं गाडी फलाटाला लगटून लावली की मध्ये दोन बोटांची फट राही. कुणी दूर लावली की वीतभर. आई त्या फटीवरून ड्रायव्हर ओळखायची. "आज तो चांगला लावणारा होता," असं घरी येऊन सांगायची. आठवड्यातून दोनदा नवलख्याहून विजयनगरला मावशीकडे जायची, हातात डबा, आणि कुणीही सोबत नको असायचं. मी येते म्हटलं तर रागवायची.

लेन काढणाऱ्यांचं म्हणणंही मला समजतं. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबायच्या, आणि मधल्या स्टेशनवर पोचायला अर्धा रस्ता ओलांडावा लागायचा, तो आईलाही जड जायचा. तरी एकदा आत शिरली की ती कुणाची मिंधी नसायची. मला हळहळ वाटते ती याची.

रामबागेतून, आता मुक्काम पुणे

आमचा टेम्पो! लांब नाकाचा, तीन चाकांचा, बजाज टेम्पो कंपनीचा. आता पुण्यात राहतो म्हणून अभिमानानं सांगतो, पुण्याच्या फिरोदियांची कंपनी ती. १९५८ मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाली. त्यांचा एक कारखाना आपल्या पीथमपूरलाही आहे.

मी होळकर कॉलेजात बीएस्सीला होतो. रामबागेतून चालत राजवाडा, तिथून टेम्पोनं भंवरकुआ. आत समोरासमोर दोन बाकं. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकलेले, त्यामुळे कुणी एक उतरायला उठला की चौघांना हलावं लागे. इंजिनाचा कंप पायातून दातापर्यंत यायचा. प्रॅक्टिकलचं जर्नल मांडीवर घेतलं तर त्यावर सही करणं अशक्य. उतरायचं असलं की वरच्या दांडीवर नाणं वाजवायचं.

पूर्ण भरल्याशिवाय टेम्पो हलत नसे, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या वर्षी केमिस्ट्रीचा पेपर होता. पाऊस, आणि टेम्पोत आम्ही तिघंच. घड्याळात पेपरला पंचवीस मिनिटं. आमच्यातला एक अक्षरशः रडकुंडीला आला होता. उस्तादनं, म्हणजे टेम्पोच्या ड्रायव्हरनं, मागे वळून आमच्या हातातली कंपासपेटी बघितली, विडी विझवून कानावर खोचली आणि टेम्पो सुरू केला. वाटेत हात दाखवणाऱ्या सवाऱ्यांना ओरडून सांगत गेला, "पेपर है बच्चों का, पीछे वाली में आओ!" एकही सवारी घेतली नाही. भंवरकुआला आम्ही जास्तीचे पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "पास हो के देना." पास झालो. पेढे घेऊन राजवाड्याच्या स्टँडवर दोन दिवस शोधलं, तो सापडला नाही. पेढे दुसऱ्या टेम्पोवाल्यांना दिले. ते पेढे त्याला मिळायला हवे होते, हे आजही मनातून जात नाही.

पलासियाहून

मला टेम्पोची आठवण येत नाही. माझ्या धाकट्या भावाला दमा होता. टेम्पोच्या मागे स्कूटर असली की बाबा त्याच्या नाकाला रुमाल बांधायचे आणि शाळेत पोचेपर्यंत त्या रुमालावर काळा ठिपका उमटलेला असायचा. टेम्पो गेले ते फार बरं झालं. ते चालवणाऱ्या माणसांबद्दल वाईट वाटतं, ते वेगळं.

स्नेहलतागंजहून

माझी गाडी इंदूरची नाही, चालेल ना?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि मामा न्यायला यायचा. तो परळला राहायचा. स्टेशनबाहेर आलं की मी मामाचा हात धरून एकच हट्ट करायची, माळ्याची बस. (डबल डेकरला आमच्या घरात हाच शब्द होता.)

आता यातली माझी खास आठवण. मी शिकले इंदूरला, हिंदी माध्यमात, पण आकडे आम्ही इंग्रजीच लिहायचो. मुंबईच्या बेस्ट बसवर समोर नंबर मराठीत. तिथला १ मला इंग्रजी नऊ वाटायचा. लांबून बस दिसली की मी ओरडून नंबर सांगायची आणि तो हमखास चुकायचा. मामानं मग बसस्टॉपवरच शिकवायला घेतलं. बस येईल तसा धडा. "हा चार, बघ, खाली गाठ मारलेली. हा पाच, पाठीवर पिशवी घेतलेला." मराठी घरातली मुलगी, आजीकडून पोथ्या ऐकलेली, आणि मराठी आकडे शिकली ती दहाव्या वर्षी बसच्या कपाळावर वाचून.

वरच्या मजल्यावर अगदी पुढचं बाक मिळालं तर त्या दिवशी दुसरं काही नको असायचं. खिडकीला काच नसायची. झाडाच्या फांद्या टपाला खरडत जायच्या, कधी पानं मांडीवर पडायची. खाली एक कंडक्टर, वर एक. वरचा जिन्यातून वाकून खाली बघायचा आणि दोरी ओढायचा. एक टोला थांब, दोन टोले चल. इंदूरला परत आल्यावर आम्ही भावंडं घराच्या जिन्यावर सुतळी बांधून तेच खेळायचो.

मामा सांगायचा, १९३७ पासून या बसा मुंबईत आहेत, आणि ट्राम बंद झाली तेव्हा, १९६४ च्या ३१ मार्चला, आजोबा शेवटची ट्राम बघायला गेले होते. नव्वदीच्या सुरुवातीला डबल डेकर नऊशेच्या घरात होत्या म्हणतात. त्या कधी संपतील हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नसतं.

सुदामा नगरहून

वरचं वाचलं आणि लिहायला बसलो. माझा मुलगा नोकरीनिमित्त अंधेरीला असतो. अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारी ४१५ नंबरची डबल डेकर ही त्याची रोजची बस. १५ सप्टेंबर २०२३ ला ती शेवटची धावली. त्या दिवशी त्यानं मला फोनवरून व्हिडिओ दाखवला. बसला हार, फुगे. लोक फोटो काढत होते, काही जण मुलंबाळं घेऊन दुरून आले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं रोज बसलो आणि आज मलाच जागा नाही." तो दांडी धरून उभा राहून सीप्झपर्यंत गेला.

गाड्यांचं आयुष्य १५ वर्षांचं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा होणार नाही असा नियमही लागू झाला. शिवाय दोन कंडक्टर लागणार, डिझेल जास्त खाणार, वळायला जागा जास्त. हे सगळं बरोबर आहे. मी आयुष्यभर हिशेबाचंच काम केलं, मला ते पटतं. २०२३ च्या फेब्रुवारीपासून विजेवरच्या, एसीच्या नव्या डबल डेकर आल्यात. मागच्या वेळी मुलानं हौसेनं बसवलं. गाडी छान, धूर नाही, आवाज नाही. पण खिडकी बंद. मी सवयीनं कोपर बाहेर टेकवायला गेलो आणि ते काचेवर आपटलं.

नेमावर रोडवरून

माझे वडील मध्यप्रदेश राज्य परिवहन महामंडळात कंडक्टर होते. सरवटे बसस्टँडवरून सुटणाऱ्या गाड्या. (ज्यांच्या नावानं तो स्टँड आहे ते तात्यासाहेब सरवटे संविधान सभेचे सदस्य होते, हे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगत. आपल्या माणसाचं नाव स्टँडला आहे याचा त्यांना फार अभिमान.)

२००५ मध्ये सरकारनं महामंडळ बंद करायचं ठरवलं. वडिलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गणवेश आईनं धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवला, तो अजून आहे. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर तिकिटं ओढून ओढून एक घट्टा पडलेला होता. चहाचा कप धरला की तो दिसायचा. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत तो मऊ झाला. आईनं एकदा तो बोटानं दाबून बघितला आणि काही न बोलता आत गेली.

एक सवय मात्र शेवटपर्यंत राहिली. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की दारातून ते एक नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "एकशेचाळीस." आम्ही पंगती मोजायचो. दोन-चार इकडेतिकडे. चालत्या बसमध्ये, गर्दीत, बाजूच्याशी बोलता बोलता माणसं मोजायची त्यांना सवय होती. कुणी बिनतिकीट राहू नये हे एक कारण, पण ते म्हणायचे, चहाला थांबल्यावर कुणी मागे राहू नये यासाठीही मोजावं लागतं. उज्जैन रस्त्यावर एकदा एक आजोबा मागे राहिले होते. पाच किलोमीटर गेल्यावर वडिलांचा आकडा जुळेना, त्यांनी बस परत वळवायला लावली. सवाऱ्या चिडल्या. आजोबा रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसून होते, वाट बघत. म्हणाले, "मला माहीत होतं याल."

एलआयजीहून

मी एकोणीस वर्षांची आहे, त्यामुळे टेम्पो मी पाहिलेला नाही. भंवरकुआच्या क्लासला आयबसनं जायचे. बाबांनी मला एकटीनं पाठवलेली ती पहिली गाडी. "अगला स्टेशन" ऐकू आलं की त्यांना मेसेज करायचा, असं ठरलेलं. पलासिया, गीता भवन, नवलखा असे तीन मेसेज जायचे. आता स्कूटर आहे, मेसेज नाही.

काकू, तुमच्या आईंबद्दल वाचून एक विचारायचं होतं. शनिवारी माझा क्लास नसतो आणि मला विजयनगरला काम असतं. आजींना स्कूटरवर मागे बसायला जमेल का? नाहीतर मी नवलख्याला येते, आम्ही दोघी सिटी बसनं जाऊ.

(धागा काढणारी)

तुझं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, स्कूटर नको, बसनंच जाऊ. पायरीपाशी तेवढा हात दे म्हणावं, बाकी माझी मी चढते.