आडनाव कोकणातले, धर्म ज्यू : ओळख नेमकी कशाने ठरते?

प्रश्न : पेणकर, रोहेकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावे लावणाऱ्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) कुटुंबांची नवी पिढी इस्रायलमध्ये हिब्रू बोलत वाढते आहे. या मुलांची ओळख धर्म ठरवतो, की घरातल्या मराठी रीती? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ : ही विभागणीच मला पटत नाही. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. म्हणजे धर्म पाळल्यामुळेच गावात त्यांची स्वतंत्र ओळख झाली. मलिद्याचेच पाहा. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे आणि साखर कालवून, भोवती फळे मांडून, एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, स्मरण करतात. प्रार्थना हिब्रू, ताट अस्सल कोकणी. (आमच्या शेजारच्या आजी वेलचीशिवाय मलिदा मानतच नसत.)

प्रतिसाद २ : सहमत, परंतु बाहेरच्यांचा वाटाही मोठा असतो. १९६० च्या दशकात इस्रायलमधील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली, तेव्हा आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. घरात कधीही न पडलेला प्रश्न असा दारात येऊन उभा राहिला, की माणूस आपल्या रीतींकडे नव्याने पाहू लागतो.

प्रश्नकर्ता : आभार. मराठी सुटली आणि मलिदा तेवढा राहिला, तर?

प्रतिसाद १ : मलिदा आणि लग्नाआधीची मेंदी टिकेल असे वाटते, कारण ती सणासमारंभाला धरून आहेत. आजीशी मोकळेपणाने बोलता न येण्याचे नुकसान मात्र त्यांनी भरून निघणार नाही.