हिवाळ्यात अंगणातला तरणतलाव सौरऊर्जेने कोमट ठेवता येईल का?

पाषाण_रहिवासी :
नमस्कार. पुण्यात पाषाणला आमच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात जमिनीवर उभारलेला, लोखंडी सांगाड्याचा गोल तरणतलाव आहे. व्यास साडेचार मीटर आणि पाण्याची खोली एक मीटर, म्हणजे सुमारे १६ हजार लिटर पाणी. माझ्या सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी पाण्यातला व्यायाम सुचवला आहे आणि तो त्यांना चांगला मानवतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी १९ अंशांपर्यंत उतरते, दुपारीही २१ च्या वर जात नाही आणि त्यांचा व्यायाम बंद पडतो. पाणी निदान २६ अंशांवर टिकावे, अशी इच्छा आहे. गच्चीवर २०० लिटरचा सोलर बंब आहे; त्याचे पाणी तलावात सोडल्यास भागेल का? एका परिचितांनी तर तलावच गच्चीवर हलवा, तिथे दिवसभर ऊन असते, असे सुचवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सौर_अभ्यासक :
बंबाने भागणार नाही. त्यातले २०० लिटर पाणी ६० अंशांचे धरले, तरी १६ हजार लिटरमध्ये मिसळल्यावर तलावाचे तापमान जेमतेम अर्धा अंश वाढेल. तलावाचे पाणी बंबातून फिरवण्याचा विचारही करू नये, कारण क्लोरीनमुळे आतले धातूचे भाग खराब होतात.

आपल्याकडे हिवाळ्यात ऊन भरपूर असते, आकाशही निरभ्र असते. खरी अडचण रात्रीची आहे. त्याच निरभ्र आकाशाखाली पाणी झपाट्याने निवते आणि कोरड्या हवेत बाष्पीभवनही होते. आपल्या तलावाच्या पृष्ठभागावरून केवळ दोन मिलिमीटर पाणी उडाले, तरी ते एका अंशाहून थोडी जास्त उष्णता घेऊन जाते. म्हणून पहिला खर्च आच्छादनावर करावा. हवेचे फुगे असलेले, पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे आच्छादन तलावाच्या मापाने कापून घ्या आणि व्यायामाची वेळ सोडून ते कायम पसरलेले ठेवा. पारदर्शक किंवा निळसर आच्छादनातून दिवसा ऊन आत जाते, त्यामुळे ते दिवसाही काढण्याची गरज नाही. बाजूच्या भिंतींतूनही उष्णता जाते. बाहेरून थर्माकोलचे जाड पत्रे लावल्यास फरक पडतो.

त्यानंतर उष्णता मिळवण्याचा प्रश्न. तलावासाठी काचेचे महागडे पॅनेल लागत नाही, कारण आपल्याला पाणी फक्त काही अंशांनी तापवायचे आहे आणि एवढ्या कामात उघड्या काळ्या नळ्या उत्तम चालतात. ठिबक सिंचनाच्या दुकानात छिद्रे नसलेली १६ मिलिमीटरची काळी लॅटरल मिळते. अशी ५०० मीटर नळी शेजारी शेजारी अंथरली की आठ चौरस मीटरचा, म्हणजे तलावाच्या निम्म्या क्षेत्रफळाचा, उष्णता गोळा करणारा संग्राहक तयार होतो. मात्र ती सलग एकच वेटोळी करू नये, पंपावर फार ताण येतो. २५ मीटरच्या वीस ओळी करून त्या दोन्ही टोकांना जाड सबमेनला, म्हणजे मोठ्या नळीला, जोडाव्यात. हा संग्राहक पार्किंगच्या शेडवर दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे ३० ते ३३ अंशांच्या उतारावर बसवला, तर हिवाळ्याच्या चांगल्या दिवशी सव्वा ते दीड अंश भर पडते. फिल्टरनंतरचे पाणी त्यात सोडा आणि प्रवाह जोरात ठेवा. परतणारे पाणी हाताला जेमतेम कोमट लागले, तर व्यवस्था बरोबर चालली आहे असे समजावे. कढत पाणी येत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे आणि बरीचशी उष्णता हवेत वाया जाते आहे. पंप सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच चालेल असा टायमर लावा, कारण रात्री त्याच नळ्या पाणी थंड करतात.

बांधकाम_अभियंता :
तलाव गच्चीवर कृपया नेऊ नका. एक मीटर खोल पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरवर एक हजार किलो होतो, आणि घराच्या वापरातल्या गच्चीचे संकल्पन साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोंच्या चल भारासाठी (माणसे, सामान वगैरेंसाठी) केलेले असते. नळ्यांचे वजन त्या मानाने नगण्य आहे. त्या खुशाल वर ठेवा, पण पंपाला तेवढ्या उंचीवर पाणी चढवता येते का, हे आधी तपासा.

पाषाण_रहिवासी :
आपणा दोघांचे मनापासून आभार. सलग ढगाळ दिवस आले तर काय करावे? वीजनिर्मितीचे सोलर पॅनेल बसवून हीटर लावणे योग्य ठरेल का?

वीज_सल्लागार :
साध्या हीटरने एवढे पाणी एक अंश तापवायला साडेअठरा युनिट लागतात, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या हीट पंपाला त्याच कामासाठी चार-पाच युनिट पुरतात, आणि पुण्यात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. घरासाठी पॅनेल बसवणारच असाल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. परंतु केवळ तलावासाठी एवढा खर्च करू नये. आधी आच्छादन आणि नळ्या यांवर एक हिवाळा काढून पाहा.

दोन गोष्टी मात्र आजच करून घ्या. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि व्यवस्थित अर्थिंग असलेच पाहिजे. सासरे पाण्यात उतरण्यापूर्वी पंपाचा स्विच बंद करा आणि आच्छादन पूर्ण बाजूला काढा. अर्धवट गुंडाळलेल्या आच्छादनाखाली माणूस अडकू शकतो. घरात लहान मुले असतील, तर तलावाची शिडी वापरानंतर लगेच काढून ठेवावी.