पीसी झोपत नाही आणि झोपवला तर लगेच उठतो, यूएसबीवरचं नक्की कोण जागं ठेवतंय?

रात्रपाळी:
डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून विचारतोय. डेस्कटॉप, विंडोज ११. स्लीप १५ मिनिटांवर लावलंय पण तासभर हात नाही लावला तरी साधी स्क्रीनसुद्धा बंद होत नाही. बरं, स्टार्टमध्ये जाऊन स्वतः स्लीप दिलं तर फॅन थांबतो, मी खुर्चीतून उठेपर्यंत तीन-चार सेकंदात परत चालू! लास्टवेकची कमांड (शेवटी कोणी उठवलं ते सांगणारी) मारली तर नुसतं यूएसबी रूट हब (पीसीची यूएसबी पोर्ट जिथे जुळतात तो भाग) असं येतं, त्यातून मी काय समजायचं? जोडलेलं बरंच काही आहे, वायरलेस माऊस, वायरवाला कीबोर्ड, गेमचं स्टिअरिंग व्हील, ऑडिओ इंटरफेस, प्रिंटर. माऊसची वेकची टिक (पीसीला उठवायची परवानगी) डिव्हाइस मॅनेजरमधून काढून झाली, ढिम्म फरक नाही. फॉरमॅट मार असं कोणी सांगू नका प्लीज.

जुना_कीबोर्ड:
रोज शटडाऊन करायचं, विषय संपला.

रात्रपाळी:
अहो चाळीस टॅब आणि अर्धवट काम उघडं असतं, ते सगळं रोज सकाळी परत कोण मांडणार.

तारांचा_गुंता:
तुमचे हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकच समजून शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. आपोआप न झोपणं म्हणजे कोणीतरी झोपू देत नाहीये, आणि झोपून लगेच उठणं म्हणजे कोणीतरी हाक मारतंय. माऊसची जी टिक तुम्ही काढलीत ती फक्त दुसऱ्या प्रकाराला लागू होते.

आधी पहिलं बघू. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश रिक्वेस्ट्स मारा (टाईप अर्थातच इंग्रजीत), पीसीला जागं ठेवायची विनंती कोण करतंय त्याची यादी येते. ऑडिओ इंटरफेसवर माझा पहिला संशय आहे, कारण एखादं अ‍ॅप किंवा ब्राउझरचा टॅब ऑडिओ स्ट्रीम उघडी धरून बसला की आवाज येत नसला तरी विंडोजला वाटतं काहीतरी वाजतंय, मग झोप नाही. तसं असेल तर सिस्टिमच्या खाली ऑडिओ ड्रायव्हरचं नाव दिसेल.

दुसऱ्यासाठी पॉवरसीएफजी स्लॅश डिव्हाइसक्वेरी वेक अंडरस्कोर आर्म्ड. ज्यांना ज्यांना मशीन उठवायची परवानगी आहे त्यांची यादी येते. वायरलेस डोंगल (माऊसचा यूएसबीत खोचायचा रिसीव्हर) एकटाच असला तरी तिथे माऊस आणि कीबोर्ड अशा दोन-तीन नावांनी बसलेला असतो, तुम्ही एकाच नावाची टिक काढली असणार. दोन्हीचं आउटपुट इथे टाका.

रात्रपाळी:
रिक्वेस्ट्समध्ये सगळीकडे नन. ऑडिओचं नाव नाही, काहीच नाही. तरी झोपत नाही!! वेक आर्म्डमध्ये दोन कीबोर्ड, एक माऊस आणि नेटवर्क कार्ड.

फोर्स_फीडबॅक:
नन आलं ना, मग तुमचं स्टिअरिंग व्हील काढा आणि १५ मिनिटं चहा पिऊन या. माझ्याकडे जॉयस्टिकने सेम हेच केलं होतं, जुनी झाल्यावर त्याचा आतला सेन्सर थरथरतो, म्हणजे हात न लावता आकडे वरखाली होत राहतात आणि मशीनला वाटतं कोणीतरी खेळतंय, प्रत्येक वेळी आयडलचं (वापर नसल्याचं) घड्याळ शून्यावर. ही विनंती नाही, इनपुट आहे, म्हणून रिक्वेस्ट्समध्ये ते कधीच दिसत नाही. मी दोन आठवडे ड्रायव्हर बदलत बसलो होतो राव. खात्री करायची तर रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाकून प्रॉपर्टीज उघडा, व्हीलला हात न लावता रेघ हलतेय का बघा. चकचकीत टेबलवर ऑप्टिकल माऊस असेल तर तोही कर्सर एखाद-दोन पिक्सेल सरकवत राहतो, तेव्हा माऊस उलटा ठेवूनही एकदा बघा.

तारांचा_गुंता:
बरोबर, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. आणि रात्रपाळी, एक विचारायचं राहिलं, कीबोर्ड कशात लावलाय? मॉनिटरच्या मागच्या यूएसबीत तर नाही?

रात्रपाळी:
हो, मॉनिटरलाच. कीबोर्ड आणि माऊसचा डोंगल दोन्ही, वायर पुरत नाही म्हणून. का?

तारांचा_गुंता:
सापडला मग. पीसी झोपला की सिग्नल जातो, तीन-चार सेकंदांनी मॉनिटर स्टँडबायमध्ये जातो आणि जाताना स्वतःचा हबही बंद करतो. पीसीच्या बाजूने बघितलं तर यूएसबीवरून काहीतरी उपटलं गेलं, आणि काही मशीन नुसत्या जोडण्या-काढण्यानेही उठतात. म्हणून तर रूट हबचं नाव येतंय, माऊसचं नाही. दोन्ही थेट पीसीच्या मागे लावून बघा. मॉनिटरच्या मेनूमध्ये स्टँडबायमध्ये यूएसबी चालू ठेवा असा पर्याय असेल तर तोही चालेल.

पेंग्विनवाला:
लिनक्सवाले कोणी वाचत असतील तर प्रॉक-एसीपीआयखालची वेकअप फाईल कॅट करून (म्हणजे उघडून) बघा, यूएसबी कंट्रोलर बहुतेक एक्सएचसी नावाने एनेबल्ड दिसेल. तेच नाव रूट (अ‍ॅडमिन) म्हणून त्या फाईलमध्ये एको केलं, म्हणजे लिहिलं, की डिसेबल होतं, परत केलं की परत एनेबल. रीबूटनंतर मात्र सगळं पहिल्यासारखं, स्टार्टअपला स्क्रिप्ट ठेवावी लागते. आणि कंट्रोलरच बंद केला तर त्यावरच्या कीबोर्डनेही मशीन उठणार नाही, पॉवर बटण दाबायचं.

रात्रपाळी:
रिपोर्ट देतो. व्हीलची रेघ खरंच हलत होती, ब्रेकच्या पेडलची, एकटीच नाचत होती! व्हीलची यूएसबी काढली, १५ मिनिटांनी बरोब्बर झोपला. कीबोर्ड आणि डोंगल मागच्या पोर्टला लावले, आता स्लीप दिलं की झोपलेलाच राहतो. माऊसच्या उरलेल्या नावाची टिकही काढली, कीबोर्डची ठेवली, नाहीतर उठवू कसा. बिचाऱ्या ऑडिओ इंटरफेसला उगाच शिव्या घातल्या. पण व्हील दरवेळी टेबलाखाली वाकून काढायचं का आता?

फोर्स_फीडबॅक:
प्रत्येक पोर्टला वेगळा स्विच असलेला यूएसबी हब मिळतो, तो टेबलावर ठेवा आणि खेळून झालं की खटका बंद. मी तेच करतो.

जुना_कीबोर्ड:
किंवा शटडाऊन.